आईचं (किंवा बाबांचं) सहस्रचंद्रदर्शन: दीडशे माणसांचा कार्यक्रम कसा बसवायचा

घरातलं मोठं माणूस ऐंशी ओलांडतं, तेव्हा मुलं-सुना-जावई एकत्र बसतात आणि पहिला प्रश्न येतो: कार्यालय कुठलं? खरं तर पहिला प्रश्न वेगळा हवा. उत्सवमूर्ती सलग किती वेळ ताठ बसू शकते? उत्तर पाऊण तास असेल, तर समारंभाचा गाभा पाऊण तासात बसला पाहिजे. कार्यालय, पानं, आमंत्रणं ही सगळी त्यानंतरची कामं. बहुतेक समारंभ पाहुण्यांच्या सोयीने आखले जातात. मग दुपारी दोनला ज्यांच्यासाठी सगळं चाललंय त्या आजी व्यासपीठावरच्या सोफ्यात पेंगत असतात आणि समोर नमस्काराची रांग उभी असते.

नेमकं कधी करायचं

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा पाहून झाल्याचा सोहळा. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस जातात. म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण २९,५३० दिवस लागतात, आणि ते होतात ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास. काही गुरुजी ८० वर्षं ८ महिने धरतात, काही घरांत ८१वं लागलं की करतात, तर काही ठिकाणी ८१ पूर्ण झाल्यावर. यावरून वाद घालू नका. ८१वं लागल्यापासून ते संपेपर्यंत तब्येत आणि हवामान पाहून केव्हाही ठरवा. त्याआधी पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव करायचा असेल, तरी खाली सांगितलेलं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं. विधी तेवढा बदलतो: साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री शांत करतात.

जन्मतारखेची एक गंमत आहे. या पिढीतल्या कित्येकांची कागदावरची तारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकून दिलेली असते. आधार कार्डावर १ जून दिसली, तर आधी घरातली जुनी पत्रिका शोधा. ती नसेल तर प्रश्न विचारून वय काढा. ‘गांधीजी गेले तेव्हा (३० जानेवारी १९४८) तू चालत होतीस का?’, ‘पाठचा भाऊ झाला तेव्हा तू कितवीत होतीस?’, ‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (११ डिसेंबर १९६७) कडेवर कोण होतं?’ वर्ष आणि महिना एवढं हाती लागलं तरी पुरे. तिथी कळली तर जुन्या पंचांगावरून ताडून घ्या.

महिना निवडताना मे टाळा, कारण उन्हात वयस्कर पाहुणे येत नाहीत. पितृपक्षात कोणी येणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नातवंडांच्या परीक्षा असतात. लग्नसराईतल्या मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय मिळत नाही आणि मिळालं तर पूर्ण दिवसाचं भाडं पडतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ बरा, मात्र लग्नाच्या तारखा चुकवून. सकाळी गारठा असतो, म्हणून कार्यक्रम साडेदहाच्या आत सुरू करू नका.

विधी आणि समारंभ एका दिवशी ठेवू नका

संपूर्ण शांत होमासकट केली, तर तीन ते चार तास लागतात. ऐंशीच्या माणसाला त्यानंतर लगेच दीडशे लोकांसमोर बसवणं म्हणजे हाल आहेत. धार्मिक भाग तिथीला किंवा आदल्या दिवशी घरी, वीस-पंचवीस माणसांत उरका. सगळ्यांचं जमणं मग रविवारी कार्यालयात. परगावचे दोन दिवस राहू शकत नाहीत अशी तक्रार येईल. येऊ द्या, विधीला लेकी-सुना आणि सख्खी भावंडं असली की झालं.

गुरुजींशी आधीच चार गोष्टी बोलून घ्या. पहिली म्हणजे उपाशीपोटी बसायचं नाही. मधुमेहाचं औषध किंवा इन्शुलिन चालू असेल तर नेहमीचा नाश्ता नेहमीच्या वेळी झालाच पाहिजे; कुठलेही समजदार गुरुजी याला नाही म्हणत नाहीत. दुसरी, उत्सवमूर्तीने संकल्प, आज्यावलोकन आणि पूर्णाहुती एवढ्यासाठी बसायचं, मधला भाग मुलगा किंवा मुलगी प्रतिनिधी म्हणून करेल. तिसरी, पाटावर नाही, खुर्चीवर. चौथी गोष्ट धुराची. दमा असेल तर कुंड खिडकीपाशी किंवा अंगणात ठेवा आणि धूर जिकडे जातो त्याच्या उलट बाजूला आजींना बसवा. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर त्या खोलीत होम, निरांजन, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही. यात तडजोड नाही.

आज्यावलोकन म्हणजे काशाच्या भांड्यातल्या पातळ तुपात आपला चेहरा पाहणं. जानेवारीत सकाळी नऊला तूप थिजलेलं असतं आणि ऐन वेळी स्वयंपाकघरात धावाधाव होते. वाटी आधी गरम पाण्यात ठेवा. पूजेसाठी लागणारा चांदीचा चंद्र सराफाकडे तयार मिळतो, पाच-दहा ग्रॅमचा पुरतो.

आई एकटी असेल तर एखाद्या आत्याबाईंकडून ‘असं करतात का?’ हे येणारच. सहस्रचंद्रदर्शन त्या व्यक्तीने पाहिलेल्या पौर्णिमांचं असतं, जोडीचं नव्हे. गुरुजींना आधी विचारून ठेवा, आईची इच्छा विचारा आणि औक्षण कोण करणार, कुंकू लावायचं की गंध, हे तिच्याकडूनच ठरवून घ्या. ऐन वेळी ताट हातात असताना कुजबुज नको. औक्षण करणाऱ्यांतही विधवा लेकीला किंवा जावेला मागे उभं करू नका. एक मात्र नेहमी दिसतं: बाबांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात होतं, शेजारी आई बसलेली असते, आणि पाच-सहा वर्षांनी तिची पाळी येते तेव्हा ‘आता परत काय करायचं’ म्हणून राहून जातं. डायरीत तिचंही वर्ष आत्ताच लिहून ठेवा.

सुतकाचाही विचार हवा. या वयात भावकीत आणि समवयस्कांत केव्हा काय होईल सांगता येत नाही. दहा दिवसांचं सुतक आलं तर विधी पुढे जाईल, पण स्नेहमेळावा होणार की नाही, हे भावंडांनी आधी ठरवून ठेवावं. कार्यालयाच्या पावतीवर तारीख बदलण्याची अट लिहून घ्या. आगाऊ रक्कम परत मिळत नाही, पण तारीख बदलून देतात अशी कार्यालयं पुष्कळ आहेत. उत्सवमूर्तीच दवाखान्यात दाखल झाली तर काय, यालाही तीच अट उपयोगी पडते.

कार्यालय पाहायला जाताना

सोबत साठीच्या पुढचं कोणीतरी न्या आणि त्यांना चालायला लावा. फाटक ते खुर्ची किती पावलं, किती पायऱ्या, कठडा आहे का, हे पाहा. पहिल्या मजल्यावरचं सभागृह लिफ्ट असली तरी नको; वीज जाते तेव्हा जनरेटरवर दिवे आणि पंखे चालतात, लिफ्ट चालेलच असं नाही. स्वच्छतागृहात कमोड हवा, बाजूला धरायला दांडा हवा, आणि आतली फरशी कोरडी राहते का ते पाहा. दांडा नसेल तर औषधांच्या मोठ्या दुकानातून कमोडवर बसवायची हात टेकायची फ्रेम भाड्याने मिळते. सभागृहापासून स्वच्छतागृह तीस-चाळीस पावलांच्या आत हवं. सकाळी लघवी होण्याची गोळी घेणाऱ्यांना हे अंतर फार महत्त्वाचं. ती गोळी उशिरा घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बदलू नका.

वातानुकूलित सभागृहात छताला धूर ओळखणारी यंत्रणा असते. औक्षणासाठी एकदम एक्याऐंशी दिवे पेटवायचे आहेत हे व्यवस्थापकांना आधी सांगा.

व्यासपीठ टाळा. कार्यालयाचा तो लाल मखमली सोफा नवरा-नवरीसाठी ठीक; त्यात बसलेल्या ऐंशीच्या माणसाला उठताना दोघांनी ओढावं लागतं. जमिनीच्या पातळीवरच, भिंतीला पाठ करून, १८ इंच उंचीची, हात असलेली, टणक बैठकीची लाकडी खुर्ची ठेवा. पाठीला उशी, पायाखाली चार इंचांचा पाट. शेजारी दोन तशाच खुर्च्या: एक जोडीदारासाठी, दुसरी सतत बदलणाऱ्या पाहुण्यासाठी. ध्वनिक्षेपकाची पेटी खुर्चीपासून लांब आणि तोंड दुसरीकडे करून. कानाला यंत्र असेल तर मोठा आवाज त्यात नुसता गोंगाट होऊन येतो आणि माणूस वैतागून यंत्र काढून ठेवतं. मग पुढचा सगळा कार्यक्रम मूकपटासारखा. यंत्राची जादा बॅटरी पर्समध्ये असू द्या.

विश्रांतीची खोली वेगळी मागा. वधूपक्षाची खोली असते तीच. तिच्यात पलंग, पांघरूण, पाणी, औषधांचा डबा आणि कपड्यांचा एक जादा जोड ठेवा. ‘एक’ माणूस दिवसभर फक्त उत्सवमूर्तीबरोबर. हे काम मुलांपैकी कोणाला देऊ नका, कारण ती पाहुण्यांत अडकणार. एखादी मोठी नात किंवा नेहमी येणारी सांभाळणारी मावशी उत्तम.

आमंत्रणं

यादी आईबाबांबरोबर बसून करा, दोन-तीन बैठकांत. मुलांनी केलेल्या यादीत मुलांचे साहेब आणि सोसायटीतले लोक येतात. शाळेतली मैत्रीण, पूर्वीच्या बिऱ्हाडातले शेजारी, दूधवाले काका, वीस वर्षं पोळ्या करणाऱ्या बाई राहतात. आईचं माहेर विसरलं तर त्याची आठवण पुढे कायम निघत राहते.

अचानक आश्चर्याचा धक्का वगैरे प्रकार या वयात नको. त्यांना सगळं माहीत असावं, साडीचा रंगही त्यांनीच ठरवावा.

पत्रिका व्हॉट्सॲपवर चालते, पण सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला फोन करायचा आणि त्याच फोनवर दोन प्रश्न विचारायचे: ‘न्यायला गाडी पाठवू का?’ आणि ‘जेवणात काय चालत नाही?’ गाडी पाठवताना उंच जीप-छाप गाडी नको. गुडघे दुखणाऱ्याला तिच्यात चढता येत नाही. साधी चारचाकी, पुढची सीट मागे सरकवलेली, एका गाडीत तिघेच.

‘कृपया आहेर आणू नये’ हे ठळक लिहा. तरी शाली येतात, साठ-सत्तर सहज. पत्रिकेवरच ‘शाल-श्रीफळाऐवजी अमुक संस्थेला मदत’ असं लिहिलं तर त्या निम्म्या होतात. पुष्पगुच्छ नको हेही लिहा.

परदेशातल्यांसाठी घड्याळ पाहा. भारतात सकाळचे ११ म्हणजे हिवाळ्यात लंडनला पहाटेचे साडेपाच आणि न्यूयॉर्कला मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. त्यांच्यासाठी भर कार्यक्रमात फोन धरून उभं राहू नका. संध्याकाळी साडेसहाला घरून निवांत व्हिडिओ कॉल लावा. तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजलेले असतात आणि आजींची झोपही झालेली असते.

औक्षणाचे ८१ दिवे

समारंभातला हा सगळ्यांत देखणा भाग आणि सगळ्यांत जास्त चुका होणाराही. एकाच परातीत ८१ दिवे मांडले तर ती परात उचलवत नाही, धग चेहऱ्याला लागते आणि शेवटचा दिवा लावेपर्यंत पहिला विझतो. त्यापेक्षा पाच ताटं करा, प्रत्येकात १६ दिवे, म्हणजे झाले ८०. मधल्या ताटात चांदीचं एक निरांजन, ते ८१वं. पाच जणी अर्धवर्तुळात उभ्या राहतात, फक्त मधली पुढे येऊन ओवाळते, बाकीच्या जागेवरूनच.

दीड किलो कणीक चिमूटभर हळद घालून, पाणी बेताचं वापरून घट्ट मळा. २४-२५ ग्रॅमची एक गोळी धरली तर ९० दिवे होतात, दहा राखीव. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर कडांना तडे जातात आणि त्यातून तूप गळतं. वाटी करताना बूड जाड आणि सपाट, म्हणजे दिवा कलंडत नाही. चाळणीत एकमेकांना न चिकटवता १२ ते १५ मिनिटं वाफवा. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलेत तर सकाळी कोरड्या फडक्याने आतून पुसा. पाण्याचा थेंब राहिला की वात तडतडते.

तूप पाव किलो. फुलवाती आदल्या दिवशी वितळलेल्या तुपात बुडवून, ताटलीत मांडून, फ्रिजमध्ये थिजवा. एका दिव्याला एक वात आणि वर अर्धा चमचा तूप. वीसेक मिनिटं जळतो. ताटात दिव्यांखाली तांदळाचा पातळ थर पसरा म्हणजे दिवे घसरत नाहीत. लावायला पाच माणसं, प्रत्येकाकडे लांब दांड्याचा लायटर. काडेपेटीने बोटं भाजतात. पंखे आणि एसी बंद करायचं काम एकाला नेमून द्या, आणि औक्षणाची ताटं हलवल्यावर पुन्हा लावायचंही, कारण ते हमखास विसरतं. ओवाळणाऱ्यांनी सुती किंवा रेशमी नेसावं, पदर खोचलेला; जॉर्जेटचा पदर ज्योतीवर गेला की क्षणात पेट घेतो. कोपऱ्यात पाण्याची बादली असू द्या.

अक्षता मात्र मोजक्याच. दीडशे जणांच्या हातात मूठमूठ तांदूळ दिले, तर ग्रॅनाइटच्या फरशीवर ते छऱ्यांसारखे घरंगळतात आणि पुढच्या दहा मिनिटांत कोणीतरी घसरतं. फुलांच्या पाकळ्यांचं तेच. पाच जणींनीच अक्षता टाकाव्यात, आणि औक्षण संपताच, उत्सवमूर्तीने पाऊल उचलायच्या आत, केरसुणी फिरली पाहिजे. हार हलका घ्या, मोगऱ्याचा किंवा नुसता तुळशीचा. जाडजूड हार मानेवर दोन मिनिटंही सहन होत नाही.

तुला

तुला (उत्सवमूर्तीच्या वजनाइतक्या वस्तूंचं दान) करायची असेल तर लोखंडी कमानीचा लोंबता तराजू नको. तो झुलतो, पाय अधांतरी राहतात, तोल जातो; रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर साधं पडणंही महागात पडतं. धान्याच्या दुकानातला जमिनीलगतचा सपाट काटा आणा, त्यावर खुर्ची ठेवून बसवा, आधी खुर्चीचं वजन वजा करा. मग तेवढ्याच वजनाच्या वस्तू शेजारी रचा. २०० पानी वही साधारण पाव किलोची, म्हणजे ५५ किलोला २२० वह्या. गावाकडच्या शाळेला त्या लगेच उपयोगी पडतात. गूळ चालतो, धान्य चालतं. ज्यांना आपलं वजन चारचौघांत कळलेलं आवडत नाही (अशा आजी पुष्कळ आहेत), त्यांचं वजन घरीच करून वह्या थेट पोचत्या करा.

जेवण

आचारी ‘शंभर पानां’चा हिशेब करतात, तोच धरा. शंभर पानांना साधा भात ४ किलो आणि मसालेभात ५ किलो तांदळाचा, वरणाला तूरडाळ ३ किलो, पुऱ्यांना कणीक ९-१० किलो, बटाट्याच्या भाजीला बटाटे १०-११ किलो, श्रीखंड १२ किलो, कोशिंबिरीला काकडी ६-७ किलो, मठ्ठा १५ ते १८ लिटर, वरणावरचं साजूक तूप पाऊण किलो. अळूचं फदफदं करणार असाल तर घसा खवखवू नये म्हणून चिंच बेताने जास्त. जिलेबी आणि श्रीखंड दोन्ही नको. शिवाय जिलेबी कवळीला चिकटते. पाण्याचे २० लिटरचे जार दीडशे माणसांना आठ ते दहा.

पानांचा आकडा देताना होकार आलेल्यांवर दहा टक्के धरा आणि मग चालक, फोटोग्राफर, वाढपी, साफसफाईच्या मावशी अशी बारा-पंधरा पानं वेगळी मिळवा. ही नेहमी राहतात आणि शेवटी श्रीखंडाच्या पातेल्याचा तळ खरवडावा लागतो.

समवयस्कांसाठी वीस-पंचवीस ‘मऊ पानं’ स्वतंत्र सांगा: मऊ भात, साधं वरण, कमी तिखटाची दुधीची भाजी, पुरीऐवजी घडीची मऊ पोळी, पातळ ताक, कमी साखरेची शेवयांची खीर. त्यांना बुफेच्या रांगेत ताट धरून उभं करू नका. त्यांची टेबलं आधीच मांडायची, खुर्च्या पाठीच्या हव्यात, एका टेबलाला एक वाढपी. वेळ साडेबारा, त्यापुढे नाही. इन्शुलिन घेऊन आलेल्या माणसाला जेवण एकला मिळालं तर घाम सुटून चक्कर येते. टेबलावर साखरेची वाटी ठेवलेली असू द्या.

श्रीखंड बर्फावर. मसालेभात झाकण गच्च लावून तासन्‌तास गरम पेटीत ठेवला तर गिचका होतो आणि आंबूसही येतो. बाराच्या सुमाराला उतरवायला सांगा. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत हलवा, चारला नाही.

दिवसाची मांडणी

१०.३० ला पाहुणे आणि नुसतं कॉफी-सरबत. ११ ला आगमन. ११.१० औक्षण. ११.३० ला तुला किंवा वह्यांचं दान. ११.४० पासून बोलणारे चार किंवा पाच, प्रत्येकी चार मिनिटं; क्रम आणि नावं कागदावर, आणि समोर बसलेला एक वेळ दाखवणारा, जो भिडस्त नसेल. ‘खूप सोसलं, खूप खस्ता खाल्ल्या’ छापाची भाषणं श्रद्धांजलीसारखी वाटतात. एकेक खास गोष्ट सांगायला सांगा: तिने शिकवलेली एक भाजी, त्यांनी बुडवलेला एक पतंगाचा पैजेचा डाव. नातवंडांची नाटुकली पाच मिनिटांत. आईबाबांना बोलायचं असेल तर सगळ्यांच्या आधी, दमायच्या आत, बसून आणि हातात धरायच्या नव्हे तर स्टँडवरच्या माइकवर.

१२.१० ला कुटुंबाचा मोठा फोटो. जेवणानंतर ठेवला तर निम्मी माणसं पांगतात. गटांची यादी फोटोग्राफरला आदल्या दिवशी द्या आणि माणसं हाकायला घरचा एक खणखणीत आवाजाचा भाऊ. उत्सवमूर्ती एकदा बसली की उठायचं नाही. गट बदलत राहतात.

नमस्काराचं गणित करून पाहा. एका माणसाला अर्धं मिनिट धरलं तरी दीडशे जणांना ७५ मिनिटं, आणि प्रत्येक जण ‘मला ओळखलंत का?’ विचारणार. हा प्रश्न मनाई म्हणून पत्रिकेत छापायची सोय नाही, पण सुरुवातीलाच माइकवरून सांगा की प्रत्येकाने आपलं नाव आणि नातं आधी सांगावं. छातीवर चिठ्ठी लावली तर फारच छान: नुसतं नाव नको, ‘धाकट्या काकांची नात’ असं. अक्षर मोठं, काळ्या शाईचं. विस्मरण सुरू झालेल्या माणसाला तर याचा मोठाच आधार होतो. त्यांच्यासाठी कार्यक्रम सकाळीच संपवा, संध्याकाळी अस्वस्थता वाढते. रांग मुळातच नको असेल, तर जेवताना उत्सवमूर्तीने चाकाच्या खुर्चीतून टेबलाटेबलाला फिरावं. पंचवीस मिनिटांत सगळ्यांशी भेट होते आणि कोणाला वाकावं लागत नाही. चाकाची खुर्ची कमीपणाची वाटणारे असतात. त्यांना एका जागी बसवून टेबलवार बोलवा.

१.१५ ला विश्रांती. अडीचच्या आत घरी. पाहुणे थांबले तर थांबू द्या.

फोटो, पुस्तिका आणि पैसे

जुन्या फोटोंची चित्रफीत सहा-सात मिनिटांची, साठ-सत्तर फोटो, प्रत्येकी सहा सेकंद. काळ्या पानांच्या अल्बममधले फोटो उपटू नका, पान तसंच ठेवून खिडकीच्या उजेडात वरून टिपा. सुटे असतील तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. मुख्य काम वेगळं आहे: प्रत्येक फोटोत कोण कोण आहे हे आईला विचारून, मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहायचं. हे तिच्याशिवाय कोणालाच येत नाही. दोन महिने आधी सुरू करा, दुपारी अर्धा तास. समारंभापेक्षा या दुपारी तिला जास्त आवडतात.

स्मरणिका काढणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, ३२ किंवा ४८. लेख मागवायची मुदत खऱ्या मुदतीच्या पंधरा दिवस आधीची सांगा. मजकूर येतो युनिकोडमध्ये, काही छापखाने तो जुन्या फाँटमध्ये बदलून घेतात आणि जोडाक्षरं, रफार तुटतात. मुद्रितशोधन त्या बदलानंतरच करा. आडनावं तीनदा तपासा.

पैशांसाठी एकच खातं, एकच खजिनदार आणि सगळ्यांना दिसणारी एक वही. वाटा सगळ्यांचा सारखाच हवा असं नाही. ज्याला जमतं त्याने जास्त द्यावं, पण कोणी किती दिले हे माइकवरून किंवा पत्रिकेत येऊ नये. ज्या मुलीने वर्षानुवर्षं आईला सांभाळलं, तिच्याकडे पुन्हा धावपळीचं काम देऊ नका. तिला त्या दिवशी पाहुणी म्हणून बसवा. आणि जमीन, घर, वाटणी हे विषय सगळे एकत्र आलेत म्हणून त्याच मुक्कामात काढायचे नाहीत.

नंतरचे दोन दिवस घरी कोणालाही भेटायला बोलावू नका. पायावर सूज, औषधाची चुकलेली वेळ, पोट, झोप यांच्याकडे लक्ष ठेवा. दमणूक दुसऱ्या दिवशी दिसते. काशाचं भांडं, काटा, कमोडची फ्रेम अशा भाड्याच्या वस्तू सोमवारीच परत करा. हिशेब आठवड्यात मिटवा. ज्या समवयस्कांकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी त्यांचा आणि उत्सवमूर्तीचा एकत्र फोटो छापून, मागे तारीख लिहून, टपालाने पाठवा.